गोळीवाल्या बाई

गोळ्या गिळून झाल्या की बाई आम्हाला पूर्ण नाव सांगायला लावत. स्वतःचं, वडिलांचं, मग आडनाव. गालात गोळी दडवणाऱ्याला ते जमत नसे. नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर बाई भिवंडीतल्या आपल्या दोन खोल्यांत क्षयाच्या रोग्यांना सरकारी औषध देत. एक दिवसाआड, स्वतःच्या डोळ्यांदेखत. लोक त्यांना गोळीवाल्या बाईच म्हणत.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. लग्न अडेल या धास्तीनं घरच्यांनी माझा आजार आमच्या कोन गावात कुणाला कळू दिला नाही. शिवणक्लासला जाते असं सांगून मी रिक्षानं भिवंडीला यायचे. पहिल्या दिवशी वडील सोबत होते. भिंतीवरचा क्रूस बघून ते दारातच थबकले.

"बाई, आमी धर्म बदलनार न्हाय," ते म्हणाले.

बाईंना राग आला नाही. "दादा, प्रार्थना मी करते, ती माझी. गोळी तुमच्या मुलीची. तिनं एकही चुकवायची नाही, एवढंच माझं म्हणणं."

ती प्रार्थना मी एकदा लवकर पोचले तेव्हा ऐकली. डोळे मिटून बाई एकेका रोग्याचं नाव घेत होत्या. माझ्या नावामागोमाग सलीमभाईंचं नाव आलं. सलीमभाई यंत्रमागावर काम करायचे. घर दूर उत्तरेत, इथे जवळचं कुणी नाही. आम्ही दोघं बाईंच्या बाकावर दोन टोकांना बसायचो आणि एकमेकांशी बोलत नसू.

एके सकाळी मी बाईंकडे असतानाच शहरात दगडफेक सुरू झाली. शटरं धडाधड खाली आली. दुपारी जरा शांत झालं, पण सलीमभाई आले नाहीत. बाईंनी न आलेल्या रोग्यांच्या नावांच्या औषधाच्या पेट्या पिशवीत भरल्या आणि चपला घातल्या. मी नको म्हटलं, तरी त्या निघाल्या. मला एकटीला मागे राहायची जास्त भीती वाटली, म्हणून मीही निघाले.

नाक्यावर रस्त्यात मोटारसायकल आडवी लावून पोरं उभी होती. त्यांतल्या एकानं बाईंना ओळखलं. आज मुसलमान वस्तीत जाऊ नका, असं तो अदबीनं पण ठामपणे म्हणाला. बाईंनी पिशवीतून एक पेटी काढली.

"ही तुझ्या आईची. परत येताना तिला देणार आहे. बाकीच्या इथंच फेकून देऊ?"

त्यानं मोटारसायकल बाजूला घेतली. पलीकडच्या वस्तीतही पोरं उभी होती. त्यांतल्या एकानं बाईंच्या हातातली पिशवी घेतली आणि तो आमच्यापुढे चालू लागला.

सलीमभाई खाटेवर पडून होते. "आप क्यों आईं?" त्यांनी विचारलं.

"तुम नहीं आए, इसलिए."

त्यांनी गोळ्या घेतल्या. बाईंनी नाव विचारलं. ते सांगता सांगता त्यांना रडू फुटलं. मी पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला. आमचं बोलणं सुरू झालं ते त्या दिवसापासून.

पुढे आम्ही दोघंही बरी झालो. सलीमभाई पुन्हा कामाला लागले. मला स्थळं येऊ लागली, तेव्हा आजाराचं मीच आधी सांगून टाकलं. पहिलं स्थळ मोडलं. दुसरं टिकलं आणि मी काल्हेरला सासरी आले.

गुडघे थकले तेव्हा बाई नगरला भाचीकडे राहायला गेल्या. जाण्याआधी मुद्दाम काल्हेरला येऊन त्यांनी मला गोळ्या देण्याचं हे काम घ्यायला सांगितलं. मला तुमच्यासारखी प्रार्थना येत नाही, असं मी म्हटलं. त्या हसल्या. "माणूस आला नाही तर त्याच्याकडे जाता येईल ना? तेवढं कर."

माझ्याकडचा पहिला रोगी गोदामातला हमाल होता. तोंडाला रुमाल लावून तो पायरीखाली उभा राहिला. शेजारी बघतील, गोळ्या बाहेरच द्या, असं हळूच म्हणाला.

"मलाही झाला होता हा आजार," मी म्हणाले, शेजारणीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

मग तो पायरी चढला.