आधी जीभ दाव

"आधी जीभ दाव!"

आमच्या आरोग्य केंद्रात आलेल्या माणसाचं सिस्टर असं स्वागत करायच्या. नाव-गाव नंतर. कंधारकडची माणसं तशी भिडस्त, पण सिस्टरपुढे सरपंचाचीही जीभ बाहेर यायची. मी तिथला रक्त तपासणारा. माझी खोली त्यांच्या टेबलासमोर, त्यामुळे हा तमाशा मला रोज बघायला मिळे.

माझ्याकडे हिमोग्लोबिन मोजायचं नवं मशीन आलं आणि आमची शर्यतच लागली. बाई आत येते न येते तोच सिस्टर तिचं बोट धरून नखावर पाण्याचा थेंब सोडत. नख चमच्यासारखं खोलगट झालेलं असलं की थेंब ओघळत नाही, तिथंच बसतो.

"भाऊ, रक्त सातच्या वर न्हाई! आणि काय गं, भिंतीची माती खाती ना तू?"

बाई लाजून सासूकडे बघे. मशीन सहा पूर्णांक आठ दाखवे आणि मी आतून ओरडे, "सिस्टर, जिंकलात!" खरं सांगतो, क्रिकेटच्या मॅचलाही एवढी मजा येत नाही.

बिलोलीच्या एका लग्नात नवरदेवाच्या तोंडाचे चिरलेले कोपरे बघून त्या थेट नवरीच्या आईकडे गेल्या. "जावयाला दूध-दही भरपूर द्या," म्हणाल्या. त्या बिचारीला वाटलं, मानपानात काहीतरी राहिलं.

मग एकदा देवणीकडच्या आमच्या गावाहून माय माझ्याकडे राहायला आली. वर्षभर तिच्या पायांना मुंग्या येत होत्या, चालताना तोल जात होता. "वात हाय," म्हणून ती तेल चोळायची. तिचं रक्त मी स्वतः तपासलं होतं. साडेबारा! "ठणठणीत आहेस," म्हणून वर तिची चेष्टाही केली होती.

एका दुपारी ती माझा डबा घेऊन केंद्रात आली. पायरीवर एक चप्पल निसटून मागे राहिली आणि तिला पत्ताच नाही. एका चपलेनिशी माय आत आली. मी हसलो. सिस्टर हसल्या नाहीत.

"माय, आधी जीभ दावा."

जीभ लालभडक, काचेसारखी गुळगुळीत.

"तोंड धुताना डोळे मिटले की झोक जातो?"

"हाव! तुमाला कुणी सांगितलं?"

"दूध घेता का?"

"न्हाई बा. दारात गाय हाय, पर दूध लेकरायला. आता नातवायला."

अंडं-मटण आमच्या लिंगायत घरात येतच नाही. तरी मी हट्टानं म्हणालो, "पण सिस्टर, रक्त साडेबारा आहे!"

"पालेभाजीनं रक्त सावरलंय, पण नसा झिजून राहिल्यात. बी-ट्वेल्व्ह बघ, ते जीवनसत्त्व दूध-अंड्या-मटणातूनच मिळतं. अजून उशीर केलास तर माय जागेवरून उठायची न्हाई."

नांदेडहून रिपोर्ट आला. बी-ट्वेल्व्ह जवळपास नव्हतंच. "सिस्टर, सापडलं!" म्हणून मी वेड्यासारखा ओरडलो आणि मग खुर्चीत बसून रडलो. तिच्या वाटचं दूध मीच प्यालो होतो.

डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली. काही महिन्यांनी सिस्टर निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमाला माय हार घेऊन आली, काठी नाही, कुणाचा हात नाही, एकटी पायऱ्या चढून. सिस्टरनी हाराकडे बघितलंच नाही. पायांकडे बघितलं. दोन्ही चपला जागेवर होत्या. मग कुणी न सांगताच मायनं भर सभेत लांबलचक जीभ बाहेर काढली. सगळे पोट धरून हसले. सिस्टर पदरानं डोळे पुसत होत्या.

त्यांच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. आता सुई उचलण्याआधी मीच म्हणतो, "आधी जीभ दाव." मनात एक आकडा धरतो, मग मशीन लावतो. परवा पहिल्यांदाच माझा आकडा बरोबर आला. मी जोरात ओरडलो, "सिस्टर, जिंकलो!" आणि समोरच्या रिकाम्या टेबलाकडे बघत राहिलो.