केरसुणी सरकार आणि न उठणारा संगणक

आमच्या वरच्या मजल्यावर शिंपीणवहिनी राहतात. मी त्यांना पाठीमागे 'केरसुणी सरकार' म्हणायचो. आता तोंडावर म्हणतो, कारण त्यांना ते कळलंय आणि, खोटं कशाला बोलू, आवडलंयही. बाईंना निरुपयोगी वस्तू डोळ्यांसमोर चालत नाही. तुटकी कात्री, सुटं बटण, जोडीदार हरवलेला मोजा, सगळं "भाऊजी, जाता जाता टाकून द्या हो" म्हणत माझ्या हातात. मी कसला टाकतोय! माझ्याकडे पत्र्याचा एक ऐसपैस डबा आहे, त्यात जातं सगळं. आमची ही त्या डब्याला सवत म्हणते. वहिनींचे यजमान बेकरीत भट्टीवर असतात. ते म्हणतात, "हिनं मला अजून तुमच्या हातात दिलं नाही, हेच नशीब."

पण वहिनींचा हात सोन्याचा. ज्यांच्या अंगाला तयार कपडा बसत नाही, अशी माणसं लांबून येतात त्यांच्याकडे. पाठीला बाक असलेली, एक हात बारीक असलेली. प्रत्येकाचे कापणीचे आराखडे वहिनी संगणकावर काढतात आणि मोठ्या कागदावर छापतात. कापून झालं की कागद टराटरा फाडतात. दुसरी प्रत? छे! एका गोष्टीच्या दोन प्रती म्हणजे पसारा. तो जुना संगणक त्यांच्या दिरानं विंडोजऐवजी लिनक्स घालून दिलेला. दीर जहाजावर नोकरीला. एकदा समुद्रात गेला की फोन लागेल तर शपथ.

त्या दिवशी सकाळी वरून हाक आली. हाक कसली, किंकाळीच. मी चहाचा कप हातात घेऊनच धावलो. आयता तमाशा कोण सोडतो?

काळा पडदा. त्यावर इंग्रजीत एक ओळ, अमुक फाईल सापडत नाही. खाली 'ग्रब रेस्क्यू' एवढे दोन शब्द आणि लुकलुकणारी खूण.

"काय केलंत सरकार?"

"काही नाही हो. काल जरा झाडलोट केली."

"संगणकात?"

"एक फोल्डर होता. आत शेकड्यांनी चिल्लर फायली, एकही माझी नाही. पासवर्ड मागितला, मी दिला. टाकून दिला."

मला हसू आवरेना. त्यांच्या डोळ्यांत पाणी दिसलं तेव्हा आवरलं.

गोष्ट अशी होती. सुताराची मुलगी संध्याकाळी कोट न्यायला येणार होती. तिचा एक खांदा वर, पाठ एका बाजूला झुकलेली. गाते अशी की ऐकत राहावं; पण गायनवृंदात कायम मागच्या रांगेत, अंगावर ढगळ शाल. दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमात पहिल्यांदाच ती पुढे उभी राहून एकटी गाणार होती, आणि सगळ्यांना कोट सक्तीचा. पुढचा भाग शिवून तयार होता. पाठीचे दोन तुकडे कापायचे राहिले होते. डावा वेगळा, उजवा वेगळा. कितीतरी वेळा अंगावर घालून, टाचण्या लावून, पुन्हा उसवून वहिनींनी तो आराखडा जमवला होता. तो होता त्या काळ्या पडद्याच्या पलीकडे.

"त्या पोरीला काय सांगू? शाल घेऊन ये म्हणू?"

मग त्या मोबाइलवर मदतीचं पान शोधून, चष्मा नाकावर ओढून वाचायला लागल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "फायली गेल्या नसतील, भाऊजी. संगणक चालू झाल्यावर लिनक्स कुठे ठेवलंय ते त्याला दाखवणारा एक छोटा प्रोग्राम असतो, बूटलोडर म्हणतात त्याला; पडद्यावरचा 'ग्रब' तोच. मी त्याचंच सामान फेकलंय. घर शाबूत आहे, दार उघडणारा नाही. बाहेरून चालणारा लिनक्सचा पेनड्राइव्ह हवा. दिरांनी जहाजावर जाताना दिला होता. 'वहिनी, अडलं तर उपयोगी पडेल' म्हणाले होते."

"मग काढा की."

"रिकामा दिसला मला." त्यांचा आवाज खोल गेला. "तुम्हाला दिला होता टाकायला."

आहाहा! आयुष्यात असा क्षण एकदाच येतो. मी तो हळूहळू, चवीनं उपभोगला. "बघतो हं, कुठे टाकला ते," म्हणत खाली आलो आणि डबा पालथा केला. कुलपं, बिजागऱ्या, तुटका टॉर्च, आणि तळाशी पेनड्राइव्ह. शेजारी त्याचा एक भाऊसुद्धा.

संगणक पेनड्राइव्हवरून उठला तेव्हा वहिनींनी आधी डिस्क नुसती उघडून पाहिली. कोटाचा आराखडा जागच्या जागी! मी म्हटलं, "चला, छापा." तर आराखडे काढायचा प्रोग्राम त्यांच्या नेहमीच्या लिनक्समध्ये, पेनड्राइव्हवर नाही. मात्र वहिनींनी मुकाट्यानं दुसऱ्या पेनड्राइव्हवर सगळ्या आराखड्यांची प्रत काढली.

"सरकार, पसारा?"

"गप बसा. पुढची ओळ वाचा."

"ग्रब, आडवी रेघ, इन्स्टॉल..."

"मध्ये जागा आहे का?"

"रेघेनंतर नाही. इन्स्टॉलनंतर एक."

"एकच ना?"

"एकच. भाड्यानं द्यायची नाहीये."

शेवटी डिस्कचं नाव लिहायचं होतं. मी पानावरचं जसंच्या तसं सांगितलं. वहिनी थांबल्या. "कापण्याआधी माप," म्हणाल्या, आणि दोन्ही डिस्कचे आकार पडद्यावर आणले. "हे बघा, तुम्ही सांगताय ते नाव या चिंधीचं. पेनड्राइव्हचं. आपल्याला ठाण हवंय." त्यांनी मोठ्या डिस्कचं नाव घातलं. पहिल्यांदा नकारच आला. डिस्क जोडून 'आत शिरायची' आज्ञा आम्ही गाळली होती. ती दिली, पुन्हा लिहिलं. या वेळी त्रुटी नाही असं उत्तर आलं. मग सुरुवातीला दिसणाऱ्या पर्यायांची यादी नव्यानं बनवायची एक आज्ञा, पेनड्राइव्ह बाहेर, आणि बटण.

पडदा काळा. काळाच. वहिनींनी माझी बाही घट्ट धरली.

आणि लिनक्स उठलं.

त्यानंतर मला हाकलून देण्यात आलं. दुपारभर वर शिलाई यंत्र धडधडत होतं. संध्याकाळी सुताराची मुलगी जिना चढली, तेव्हा मी सहजच दारात उभा होतो.  मग वरून गुणगुणणं ऐकू आलं, मग जरा मोठ्यानं. ती उतरली ती गातच. कोट खांद्यावरून सरळ पडलेला, जणू शरीरानंच त्याला सांगितलं होतं कसं बसायचं ते. माझ्याकडे बघून हसली आणि गेली.

मागोमाग वहिनी. हातात तिची शाल.

"विसरली वाटतं," मी म्हटलं. "टाकून देऊ?"

"नको," त्या म्हणाल्या. "तुमच्या डब्यात ठेवा. मागायला आली तर द्या. नाही आली तर फार बरं."