काकूंचा उंच अंबाडा

कोपऱ्यावरच्या पार्लरमधल्या काकूंची जीभ त्यांच्या कात्रीपेक्षा जास्त चालते, असं गिऱ्हाइकंच म्हणत. काकूंचं त्यावर उत्तर ठरलेलं: कात्रीचे पैसे घेते, जीभ फुकट.

काकू डावखुऱ्या. कात्री डाव्या हातात, कंगवा उजव्यात आणि स्वतःचे केस डोक्याच्या पार वर, उंच अंबाड्यात. तो अंबाडा त्या रोज सकाळी दोन्ही हात वर करून, आरशात न बघता बांधायच्या. नवरा गेला तेव्हासुद्धा तो खाली उतरला नव्हता.

उतरला तो पेसमेकर बदलला तेव्हा. पहिल्याची बॅटरी संपत आली होती. डॉक्टरांनी डाव्या खांद्याखालची जुनी जागा उघडली, नवं मशीन बसवलं, टाके घातले आणि घरी पाठवलं. निघताना काय काळजी घ्यायची ते मुलाने ऐकून घेतलं. म्हणजे तो समोर उभा होता. त्याच्या डोक्यात पहिल्या ऑपरेशनचेच नियम पक्के बसले होते: हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, नाहीतर वायर निसटेल. घरी येताच त्याने आईचा हात झोळीत अडकवला आणि पार्लरमधली, गिऱ्हाइकाला बसवायची तिची खुर्ची उचलून गल्ल्यापाशी नेऊन ठेवली.

"आता तू इथे बसून पैसे घे. कात्री बास झाली."

"कात्री बास म्हणणारा तू कोण? तुझे पहिले केस मी कापलेत, आणि तू रडून गल्ली डोक्यावर घेतली होतीस!"

झोळी त्यांनी दुसऱ्याच दिवशी मुलाच्या नाकावर टिच्चून कचऱ्याच्या डब्यात टाकली. खुर्ची मात्र गल्ल्यापाशीच राहिली. मग गिऱ्हाइकांच्या बोलण्याला ऊत आला. एकीच्या चुलत सासऱ्यांच्या जखमेत पाणी झालं होतं, दुसरीच्या शेजाऱ्याचं मशीन म्हणे कातडीखाली फिरत होतं. ड्रायर सुरू करायच्या आधी हाताखालच्या बायका काकूंकडे बघून "चालेल ना?" विचारायच्या, जशा काही काकू त्या वाऱ्याने विझणार होत्या.

"हातभर लांब धरा, मला काही होत नाही," काकू खेकसायच्या. "ठणठणीत आहे मी!"

आता खरं सांगायचं तर ठणठणीत काकू पार टरकल्या होत्या. जखमेला खाज सुटायची. मशीनचा उंचवटा बोटांना लागायचा. न्हाणीघराच्या आरशात त्या तो रोज न्याहाळत, कालच्यापेक्षा वाढला की काय म्हणून. झोळी गेली तरी डावा हात होता तिथेच राहिला होता, पोटाशी चिकटून. सकाळी सून मागे उभी राहून त्यांची सैल वेणी घालायची, आणि काकू एका शब्दाने भांडायच्या नाहीत. सुनेला त्या न भांडण्याचीच धास्ती वाटत होती.

जखम दाखवायला तीच त्यांना घेऊन गेली. नर्सने पट्टी काढून पाहिलं.

"छान भरतेय की. खाज भरतानाच सुटते. लाली, सूज वाढली, पाणी आलं किंवा ताप आला, तर मात्र लगेच यायचं. आता हात वर करा बघू."

काकूंनी उजवा हात वर केला.

"हा नाही, डावा."

"नाही होत." हे शब्द काकूंच्या तोंडून सुनेने कधी ऐकले नव्हते. "खांदा आखडलाय. वायर निसटेल म्हणून हलवलाच नाही."

"अहो काकू, वायर जुनीच आहे, ती आत केव्हाच पक्की झालीय. तुमचं फक्त मशीन बदललंय. जखम पुरती भरेपर्यंत जड उचलू नका, हाताला झटका देऊ नका. बाकी हात हलवायचाच. तो असा धरून बसलात तर खांदा कायमचा धरेल."

बाहेर आल्यावर काकू जिन्यातच थांबल्या. "घाबरले होते गं मी."

"माहीत आहे," सून म्हणाली. "तुम्ही मला वेणी घालू देत होतात."

पार्लरमध्ये मुलगा होताच. काकू दारातूनच म्हणाल्या, "ती खुर्ची उचल आणि होती तिथे ठेव."

"आई, अगं डॉक्टरांनी..."

"डॉक्टरांचं तू ऐकलंस तेवढं पुरे झालं. उचल. मला जड उचलायला मनाई आहे."

खुर्ची जागेवर आली. काकूंनी कात्री हातात घेतली आणि बाकावरच्या बायकांकडे पाहिलं. एकदम सगळ्यांना मासिकं वाचायची हुक्की आली. तेव्हा सुनेने आपल्या केसांतला चिमटा काढला आणि ती खुर्चीत येऊन बसली.

काकूंचं डावं कोपर जरासं वर आलं, अडलं, पुन्हा थोडं वर आलं. कात्री चालली.

"तिरके झालेत," शेवटी काकू म्हणाल्या.

"असू देत."

दुसऱ्या दिवशी सकाळी सून कंगवा घेऊन आली, तर काकूंनी तो तिच्या हातातून काढून घेतला. उजवा हात सहज वर गेला. डावा कुरकुरत, थांबत, वाटेत काकूंच्या शिव्या खात गेला. अंबाडा नेहमीपेक्षा बराच खाली बसला, तोही एका बाजूला कलून. सुनेने तो सारखा करायला हात पुढे केला.

"हात लावशील तर बघ," काकू म्हणाल्या.