बाटलेलं पाणी

सरकारने मालगुजारी मोडली आणि गोरेगावकडच्या एका खेड्यातला तलाव सगळ्या गावाचा झाला. तेव्हापासून बकाराम पाणकराची झोप उडाली. आजवर तलावाचे मालक एकटे मालगुजार केशोराव. ते सांगतील त्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, बकाराम पाणी सोडायचा. आता अख्खं गाव मालक, आणि बकारामला तर कुणाला 'नाही' म्हणणं जन्मात जमलं नव्हतं.

त्यात एका सकाळी वच्छला मोठ्या घाटावर उतरली. महारवाड्यातल्या बायका तलावाच्या मातीच्या पाळीखालच्या डबक्यातलं हिरवं पाणी भरत. वच्छलेने सरळ तलावात घागर बुडवली.

"तलाव सगळ्यायचा झाला ना, बकारामभाऊ? मंग मी सगळ्यायत येत नाई का?"

बकारामने डोकं खाजवलं. "येतेस तं," तो म्हणाला.

दुपारी केशोरावांच्या ओट्यावर बैठक बसली. तलाव बाटला, उद्यापासून बकारामने तिला अडवायचं, असं ठरलं. पण 'बाटला' हा शब्द त्या भाबड्याने फार मनावर घेतला. पाणी बाटलं तर धान बाटणार, धान बाटलं तर भात, आणि भात खाणारं सगळं गाव! तो तडक उठला, तलावाचं पाणी सोडायचा तुडुम बंद केला आणि गावाचा धर्म राखत पाळीवर बसला.

भादवा कोरडा चाललेला, धान निसवायला आलेलं. बांध्यांना भेगा पडू लागल्या.

"अवो, आपल्या बांधीचंबी पाणी तोडलं?" बायको गीताबाई कडाडली. "डोस्कं फिरलं का?"

"आपल्याले का धर्म नाई?"

शेवटी केशोराव धापा टाकत पाळीवर आले. मागे गाव.

"खोल ते! धान मरून राहिला!"

"पाणी बाटलं हाय ना, जी."

"नाई बाटलं!"

"तुमीच तं म्हणलं."

"चुकून म्हणलं, बापा!"

धर्माचा मामला, बकारामला खात्री हवी होती. "मंग पिऊन दाखवा, जी."

घाटावर चिखल, केशोरावांचं पोट मोठं, वाकवेना. वच्छला तलावात भरलेली घागर घेऊन पुढे आली.

"ओंजळ करा, मालक. घागरीले शिवू नोका."

केशोरावांनी गावासमोर ओंजळ केली. वच्छलेने वरून धार धरली. असं पाणी तिने लहानपणापासून घेतलं होतं, दिलं कधीच नव्हतं.

"कसं हाय, जी?" बकारामने काळजीने विचारलं.

"गोड हाय," केशोराव पुटपुटले.

बकाराम खुशीत तुडुम खोलायला धावला. तोवर महारवाड्यातल्या साऱ्या बायका घागरी घेऊन मोठ्या घाटावर उतरल्या होत्या.