दहिसरच्या हॉलची उंची

जूनचा पहिला सोमवार. आजचं काम : दहिसरच्या नदीकाठच्या वस्तीचा पुराचा नकाशा नव्याने करणे. उंचीच्या नव्या फायली आल्या आहेत. त्या उघडायच्या, रंग द्यायचे, छापायचं आणि उद्या सकाळी वस्तीत लावून यायचं. हे काम माझ्या वरिष्ठ सहकाऱ्याचं होतं. आता माझ्याकडे आलंय.

फाईल उघडली की तो खुर्ची मागे सरकवायचा, चष्मा कपाळावर चढवायचा आणि नकाशावर कुठेतरी क्लिक करून म्हणायचा, “रंग राहू दे गं. आकडा काय म्हणतोय?” तुमच्याही ऑफिसात असा एक जण असेल. बाकीचे निघायची तयारी करत असतात तेव्हा त्याला शंका येते.

अशा फाईलमध्ये चित्र नसतंच. बारीक चौकोन असतात आणि प्रत्येक चौकोनात त्या जागेची उंची असते. रंग आपण नंतर भरतो. एकदा नवी मुलगी घाबरून आली, “सर, फाईल खराब आहे. सगळं एकाच रंगाचं दिसतंय.” ज्या चौकोनांची माहितीच नसते तिथे उणे नऊ हजार नऊशे नव्याण्णव लिहायची पद्धत आहे, आणि सॉफ्टवेअरला ती खरी खोली वाटली होती. त्या खोलीपुढे अख्खं उपनगर सपाट. त्याने क्लिक केलं, आकडा वाचला. “अंधेरीत एवढा खड्डा? आपल्या ऑफिससमोरच्या रस्त्यालाही अजून जमला नाही.” मग ते चौकोन वगळायला शिकवलं. डोंगर लगेच वर आले.

तो विक्रोळीचा. वडील गिरणीत होते, गाव मालवणकडे. ऑफिसात साधी मराठी बोलायचा. मालवणी फक्त संकटात.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर ती मी ऐकली. दहिसरचा नकाशा त्यानेच केला होता, आणि पाणी चढलं तर सामान कुठे हलवायचं ते वस्तीतले लोक त्यावरून ठरवणार होते. चाळ निळी, म्हणजे सखल. रस्त्यापलीकडचा समाजाचा हॉल छान तपकिरी, म्हणजे उंच. नकाशा हॉलच्या भिंतीवर लागला, सगळ्यांचं समाधान झालं. दोन दिवसांनी तीच फाईल दुसऱ्या कामासाठी उघडून त्याने हॉलवर क्लिक केलं.

“अगो बाय माझे. वाट लागली.”

“काय झालं?”

“हॉल चाळीपेक्षा खाली आहे.”

जमीन दोन फायलींत आली होती. पूर्वेकडच्या फाईलमध्ये नॅशनल पार्कचे डोंगर, पश्चिमेकडच्या फाईलमध्ये खाडी आणि सपाटी. सॉफ्टवेअर प्रत्येक फाईलला तिच्यापुरते रंग देतं : तिच्यातलं सगळ्यात खालचं निळं, सगळ्यात वरचं तपकिरी. डोंगरांच्या शेजारी चाळ निळी झाली आणि खाडीच्या शेजारी हॉल तपकिरी. दोन्ही फायली जोडून एकच मोजपट्टी लावायची असते. हे आम्हा सगळ्यांना शिकवलं त्यानेच. जोड नेमका रस्त्यावरून गेला, म्हणून कुणाला दिसला नाही.

साहेब म्हणाले, छपाईची चूक झाली असं कळवून टाका. तो म्हणाला, “छपाई बरोबर आहे. मी चुकलोय.” आणि दहिसरला निघाला. मी बरोबर गेले, कारण नवा नकाशा मोठा होता आणि त्याला गुंडाळी धड धरता येत नसे.

हॉल भरलेला. धान्याचे डबे, सिलिंडर, शिलाई मशीन, मुलांची दप्तरं. लोकांनी नकाशा मानला होता. तो दारात उभा राहून म्हणाला, “हे सगळं इथून हलवावं लागेल. शाळेच्या वरच्या मजल्यावर. नकाशा मी चुकवला.”

एक आजी डब्यावर बसल्या होत्या, त्या उठल्याच नाहीत. “परवा वाहून आणलं, आज परत उचलू? तुझा बाप उचलेल काय रे?”

“तो नाही आता. मी उचलतो,” असं म्हणून त्याने सिलिंडर खांद्यावर घेतला.

संध्याकाळपर्यंत तो शाळेचे जिने चढत होता. मी शिलाई मशीनचं एक टोक धरलं, मग दप्तरं नेली. माझी कंबर मला माहीत आहे.

त्या वर्षी पाणी आलंच नाही. वस्तीतली पोरं त्याला फोन करून छळायची, “काय साहेब, उगाच हमाली केलीत ना?” तो शांतपणे सांगायचा, “नाही आलं ते झकास. हॉल तेवढ्यानं वर नाही येत.”

जानेवारीत तो गेला. झोपेत, घरीच. ऑफिस एक दिवस बंद होतं, मग टेंडरची तारीख आली.

आज मी दोन्ही फायली जोडल्या, रिकामे चौकोन वगळले, एक मोजपट्टी लावली. हॉल निळा आला. शाळा, चाळ, नाक्यावरचं दुकान, सगळीकडे क्लिक करून आकडे पाहिले. मग छापायला दिलं.

मंगळवार. सकाळीच दहिसरला गेले. नकाशा शाळेच्या जिन्यापाशी लावला. आजी काठी टेकत आल्या.

“तो नाही आला? सिलिंडरवाला?”

“तो वारला, आजी. जानेवारीत.”

त्या नकाशाकडे बघत राहिल्या. त्यांना तो वाचता येत नव्हता. “मग आता हे चुकलं तर सांगायला कोण येणार?”

मी शाळेच्या शिपायाकडून मार्कर घेतला आणि नकाशाच्या खाली माझं नाव आणि फोन नंबर लिहिला. मोठ्या अक्षरात.