काच, पत्रा की उघडंच?

दाजींचा फोन आला तेव्हा मी शाळेतून येऊन नुकतीच चपला काढत होते. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान, राहायला मानवतला. गेले कितीतरी दिवस त्या घरातून येणारा प्रत्येक फोन एकाच विषयावरचा असायचा. त्यामुळे त्यांना बोलूच न देता मी म्हणाले, "काय ठरलं मग दाजी, काच का पत्रा?" ते म्हणाले, "मंदा, आक्का गेली." मला वाटलं, नमुने बघायला गेली असेल. "कोणत्या दुकानात?" असंही मी विचारून बसले...

आता महिना उलटला, तरी माझं डोकं काही ठिकाणावर आलेलं नाही. माणूस गेलं की दुःख होणारच, ते मला कळतं. पण आक्काची आठवण आली की रडू यायच्या आधी गोंधळच उभा राहतो, आणि त्याचं मूळ त्यांच्या मधल्या खोलीत आहे. दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांनी मजले चढवले आणि ती खोली दिवसाढवळ्या अंधारली. गुडघे गेल्यापासून दाजींचा सगळा दिवस तिथंच पलंगावर जातो. एक दिवस आक्कानं कुणाला न विचारता मिस्त्रीला बोलावलं आणि स्लॅबला चांगलं ऐसपैस चौकोनी भोक पाडून घेतलं. कुणी वरून पडू नये म्हणून सळया तेवढ्या राहू दिल्या. मिस्त्री त्याला स्कायलाइट म्हणायचा, आक्का सवनं म्हणायची. पालमकडच्या आमच्या माहेरच्या माळवदाला असं सवनं होतं. त्यातून चुलीचा धूर वर जायचा, उजेड खाली यायचा, आणि आभाळ भरून आलं की आई हाक मारायची, "सवनं झाका गं." ते काम आक्काचं. पत्र्याचा तुकडा घेऊन ती शिडीवरून सरसर वर जायची. मला लहान म्हणून कुणी चढू द्यायचं नाही, आणि मी खाली धुसफुसत बसायची.

तर भोक पडलं, पण त्यावर बसवायचं काय, ते ठरेना. परभणीतली दुकानं मी तिच्यासोबत पालथी घातली. साधी काच घ्यावी तर आभाळ स्वच्छ दिसतं, पण आपल्याकडचं वैशाखातलं ऊन, खोलीची भट्टी व्हायची. पांढरा फायबरचा पत्रा ऊन अडवतो, उजेडही मऊ पडतो, पण आभाळाचा पत्ता नाही. निळसर काचेखाली घरातले सगळे आजारी दिसतात. घुमटासारखं झाकण मिळतं, त्याच्या कडेनं गरम हवा बाहेर जाते. ते आक्काला फार आवडलं, मग तिला वानरं आठवली. दुकानदार म्हणाला, "मावशी, वानराची गॅरंटी कोणी देत न्हाई." ती नमुन्याचे तुकडे घरी न्यायची, पलंगावर पडलेल्या दाजींच्या तोंडावर धरायची आणि विचारायची, "काय दिसायलंय?" दाजी म्हणायचे, "धूळ." संध्याकाळी पसंत पडलेला तुकडा सकाळी नापसंत. तोवर भोकावर ताडपत्री. सकाळी वर जाऊन ती काढायची, ढग आले की पुन्हा जाऊन झाकायची. डॉक्टरांनी तिला छातीच्या दुखण्यापायी जिना बंद सांगितला होता. मी चिडले की म्हणायची, "तू गप गं. ठरवायलेच की मी." त्या दुपारीही ढग आले, म्हणून ती वर गेली. झाकून खाली आली, दाजींच्या पायाशी बसली आणि पाणी मागितलं. दाजींना उठून माठापर्यंत जायला वेळ लागला...

तेरावं झाल्यावर मिस्त्री आला. बिचारा दारातच उभा राहून म्हणाला, "काय बसवायचं ते सांगा, पाण्याचे दिवस येतेत." दाजी म्हणाले, "काच. तिला पडल्या पडल्या आभाळ बघायचं होतं." मिस्त्री म्हणाला, "न्हाई वो, मला तर म्हणायल्या, उजेडाचं सोडा, गरम हवा वर गेली पायजे." आणि मला तर तिनं शपथेवर सांगितलं होतं, आभाळ-बिभाळ काही नको, सुईत दोरा ओवता येईल एवढा उजेड पायजे. तिघांना तिनं तीन कारणं सांगितली होती. मला तिचा राग आला, खरंच आला. एवढी वर्षं जिला सख्खी म्हणून ओळखत होते, तिला काय हवं होतं तेही मला सांगता येऊ नये? शेवटी दाजी भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मग बुजवून टाका. त्या भोकापायीच गेली ती. मी दिवसभर त्याच्याकडंच बघत पडायलोय." मिस्त्री गेल्यावर मात्र मला म्हणाले, "तू बहीण हायेस तिची. तू सांगशील ते करू."

गेल्या रविवारी सांगायला म्हणून गेले. एसटीत तीनदा ठरवलं आणि तीनदा मोडलं. बुजवावं तर तो माणूस अंधारात पडून राहणार, ठेवावं तर उठता-बसता तेच डोळ्यापुढं. जेवणं झाली आणि आभाळ भरून यायला लागलं. एरवी शेजारची सून येऊन झाकते, ती गावाला गेलेली. मी पदर खोचला आणि जिना चढले. एवढ्या दिवसांत वर जायची माझी ही पहिलीच वेळ. ताडपत्री ओढता ओढता सहज खाली नजर गेली. पलंग अगदी नेमका खाली. त्यावर दाजी, पोटावर पेपर, एक हात उशाखाली, तोंड थोडं उघडं. खोलीत असताना ते कधीच असे पुरते दिसत नाहीत. आपण बाजूला उभे असतो, नाहीतर कामात असतो. मी बघतच राहिले. आक्का वर येऊन इतका वेळ काय करायची, हे आम्ही कुणी कधी विचारलंच नव्हतं. असंच असेल का? की मी आपली माझ्या मनानं चौथं कारण जोडायलेय? देव जाणे.

दाजींनी डोळे उघडले. "काय ठरलं गं?"

"साधी काच बसवू दाजी," मी म्हणाले. "वरून तुमी नीट दिसता."

त्यांनी पोटावरचा पेपर बाजूला सारला. मग हळूच म्हणाले, "आन् आता वरून बघायला हाय कोण?"

थेंब पडायला लागले, तरी ताडपत्री ओढायला माझा हात होईना.