वरची गोष्ट माझी, खालची त्यांची

नक्शाबाबू कोणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी जमिनीवर टाच आपटून बघायचे. चहा नंतर, खुशाली नंतर, आधी टाच. मी चिखल्याच्या शाळेत नवीन रुजू झाले तेव्हा माझ्या खोलीतही त्यांनी तेच केलं आणि गंभीर तोंडानं म्हणाले, "बाई, खाट जरा भिंतीकडं सरकवा. इथं खाली पोकळ आहे." मी भाबडी. आठवडाभर भिंतीला चिकटून झोपले. मग शेजारीण हसून लोटपोट झाली, "अवं बाई, तो सगळ्यायलेच सांगते तसं! खाण तं तिकडं टेकडीखाली आहे." त्यांच्या थापेवर मी विश्वास ठेवला त्याची ती पहिली खेप. तेव्हा मीही हसले होते.

खाणीच्या ऑफिसात ते ट्रेसर होते. मँगनीजसाठी जमिनीखाली कुठं किती खोदलं, बोगदा कुठं वळला, कुठं आधाराचे खांब ठेवले, याचे नकाशे काढणं हे त्यांचं काम. म्हणून नक्शाबाबू. खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं होतं. माणूस मूळचा आसगावचा, धानाच्या बांध्यांतून चिखल तुडवत मोठा झालेला. उंची बेताची, बोटं कायम काळ्या शाईची, आणि पेन पुसायला फडकं सापडलं नाही की सरळ स्वतःच्या पोटरीला पुसायचे. "वरचं तं सगळ्यायलेच दिसते बाई," ते म्हणायचे, "खाली काय आहे ते मले दिसते." बढाई होती, पण खोटी नव्हती.

आता माझं सांगते. सत्तरीच्या दशकाची सुरुवात होती, मला चिखल्याला येऊन चार-पाच वर्षं झाली होती. मला पुस्तक काढायचं होतं. माझ्या नावाचं, चित्रांचं, पोरांच्या हातात मावेल असं. लग्नाची, बदलीची, बढतीची, कशाचीच मला एवढी आस नव्हती. शाळेत जी गोष्टींची पुस्तकं यायची त्यात समुद्रकिनारा, सर्कस, आजोबांचा बंगला आणि वाढदिवसाचा केक. माझ्या वर्गातली पोरं खाणमजुरांची. ती पानं उलटायची आणि पुस्तक जागेवर ठेवून द्यायची. मग शेवटच्या तासाला मी माझ्याच गोष्टी सांगायला लागले, आणि घरी येऊन त्या एका जाड वहीत उतरवायला लागले.

ही वही पहिल्यांदा वाचून दाखवली ती नक्शाबाबूंना. गोष्ट ऐकायची त्यांची एक तऱ्हा होती. चांगलं म्हणणार नाहीत, वाईट म्हणणार नाहीत, दर दोन वाक्यांनी नुसतं "मंग?" तुम्ही घसा कोरडा करा, समोरून "मंग?" पुढं पुढं मला कळलं, की हे म्हणायचं ते विसरले तर समजावं गोष्ट जमली. मंजुळीची गोष्ट वाचली तेव्हा ते सुरुवातीला दोनदा "मंग?" म्हणाले आणि नंतर थेट शेवटपर्यंत गप्प. मला काय आनंद झाला होता, विचारू नका.

गोष्ट साधीच होती. मंजुळी नावाची पोरगी आणि तिची काळी शेळी टिकली. माझं माहेर मोहाडीचं, म्हणून मी त्या दोघींना मोहाडीच्या बाजारात नेलं होतं. टिकली दावं तोडून पळते, भाजीवाल्यांच्या पालांतून, बांगड्यांच्या दुकानातून थेट तहसील ऑफिसात शिरते आणि टेबलावरचा, सही अजून ओली असलेला अर्ज खाऊन टाकते. मागं मंजुळी, तिच्या मागं अख्खा बाजार. शेवटी साहेब हसून म्हणतात, "अर्ज तिनं घेतला, आता निकालही तिच्याकडूनच घ्या."

पुढच्या रविवारी नक्शाबाबू पहिलं चित्र घेऊन आले. रद्दी झालेल्या नकाशाच्या पाठीवर काढलेलं. पानाच्या बरोबर मध्यावर एक आडवी रेघ. रेघेच्या वर बाजार, भाजीवाल्यांची पालं, मंजुळी, टिकली. आणि रेघेच्या खाली? खाली जमीन चिरून उघडी केलेली! झाडांची मुळं, मुंग्यांची घरं, अंग आखडून झोपलेला बेडूक, बिळातला खेकडा, आणि सगळ्यांत तळाशी खाणीचा बोगदा. त्या बोगद्यात टोपीवर दिवा लावलेला एक माणूस, मान वर करून बघत असलेला.

"हा कोण?" मी विचारलं.

"मंजुळीचा बाप."

"माझ्या गोष्टीत बाप नाही."

"असं कसं नाही? ड्युटीवर असंन न तो. पोरगी वर हिंडून राहिली, तं बाप खाली असंनच."

मी म्हटलं, "अहो पण चिखल्याची खाण मोहाडीच्या बाजाराखाली कशी जाईल? तुमच्या ऑफिसात चालेल का असं?" ते म्हणाले, "ऑफिसात मी सूतभर इकडचं तिकडं करत नाही बाई. पोट्ट्यायच्या पुस्तकात तरी जाऊ द्या त्याले पोरीमागं." मग पुढच्या प्रत्येक चित्रात तसंच होत गेलं. वर मंजुळी शेळीमागं धावते आणि खाली तिचा बाप दिवा घेऊन तिच्याच सोबत सोबत चालतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं त्या पोरांना शिकवून मला जे सुचलं नाही ते या माणसाला एका रेघेत सुचलं होतं. आजही मी ते नाकारत नाही. चित्रकार म्हणून त्यांच्या पायाचं तीर्थ घ्यावं असा माणूस.

चित्रं वर्गात नेली तेव्हा पोरं जमिनीवर पालथी पडून बघत राहिली. शेळी नंतर; आधी बोट खाली. "हा माझा बाबा!" "नाही, माझा!" यावरून दोघांची झोंबाझोंबी झाली. मी नक्शाबाबूंना हे सांगितलं तर ते नुसतं "मंग?" म्हणाले, पण त्या दिवशी चहाचे दोन कप प्यायले.

मग पुण्याच्या एका प्रकाशकांना पाठवायचं ठरलं. मी सुवाच्य अक्षरात गोष्ट उतरवली, त्यांनी नमुन्याची चार चित्रं दिली. पुडकं आम्ही दोघांनी मिळून बांधलं. उत्तराचा पत्ता त्यांचा दिला, कारण खाणीच्या ऑफिसची डाक रोज यायची आणि आमच्या शाळेची पोस्टमनच्या मर्जीवर. हेही मीच सुचवलं होतं. स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा म्हणतात तो हा.

वर्ष गेलं, वर दोन महिने गेले. दर रविवारी नक्शाबाबू यायचे, टाच आपटायचे, बसायचे. मी विचारायची, "काही आलं का?" ते म्हणायचे, "अजी, पुण्याचे लोक. त्यायले कायची घाई?" आणि मग सहज म्हणून विचारायचे. टिकलीच्या कपाळावरचा पांढरा ठिपका केवढा? तहसीलच्या साहेबाला चष्मा आहे का? बांगड्यांच्या दुकानात फुटतात किती बांगड्या? मी भरभरून सांगायची. मला वाटायचं, बघा, माणसाला आपल्या गोष्टीचा किती लळा लागला आहे! उत्तर नाही तरी चित्रं पुरी करतो आहे. मी त्यांच्यासाठी खास पोहे करायची हो!

आणि एक दिवस भंडाऱ्याला शिक्षकांचं शिबिर होतं. दुपारच्या सुट्टीत एका लांब टेबलावर मुलांची पुस्तकं मांडली होती. त्यात मंजुळी होती. वेणी तीच, परकर तोच, शेजारी टिकली. मी पुस्तक उचललं तेव्हा मला आनंदच झाला, खरं सांगते. मला वाटलं, आलं! मला चकित करायचं म्हणून बाबूंनी लपवलं! मी कव्हरवर माझं नाव शोधायला लागले.

चित्रकार म्हणून त्यांचं नाव होतं. लेखक म्हणून एका नामांकित गृहस्थांचं. माझं नाव पहिल्या पानावर नाही, शेवटच्या पानावर नाही, आभारातसुद्धा नाही. मंजुळीची मीनल झाली होती, टिकलीची राणी. मोहाडीच्या बाजाराची 'वनराणीची जत्रा' आणि तहसीलचे साहेब नगरीचे प्रधानजी. आणि खाली दिवा घेऊन चालणारा तो बाप? त्या लेखकांनी खाणकामगार कधी पाहिला नसावा. त्यांनी लिहिलं होतं, पाताळातला बुटका जादूगार. मी टेबलाशी उभ्या उभ्या पुस्तक वाचून काढलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, "बरं नाही का तुम्हाला?" मी म्हटलं, "ऊन लागलं."

चिखल्याला परतले ती थेट त्यांच्या दारात. माझ्या हातातलं पुस्तक बघून ते म्हणाले, "मिळालं वाटते."

"मले काहून नाही सांगितलं?" रागात माझी मोहाडीची बोली वर येते.

त्यांनी आतून पत्र आणून दिलं. पुण्याचं, वर्षभरापूर्वीचं. चित्रं अभिनव आहेत, मजकूर मात्र ग्रामीण वळणाचा, आमच्या बालवाचकांना रुचणार नाही. तो आम्ही दुसऱ्या अनुभवी लेखकाकडून करवून घेऊ, संमती कळवावी. आणि यांनी ती कळवली होती.

"मी नाही म्हटलं असतं तं कोणाचंच नसतं निघालं," ते म्हणाले. "एकाचं तं निघालं न बाई."

"अजी, गोष्ट माझी होती!"

"हो. गोष्ट तुमचीच."

"मंग वर्षभर माझ्या घरी येऊन चहा पिऊन राहिले, तेव्हा तोंडाले काय झालं होतं? एकदा तरी सांगायचं!"

बोटांवरची शाई चोळत ते म्हणाले, "सांगितलं असतं तं तुम्ही गोष्ट सांगणं बंद केलं असतं. माझे बारा चित्रं बाकी होते."

नुसते खोटे बोलले असते, रडले असते, प्रकाशकाला शिव्या दिल्या असत्या, तरी मी कदाचित पाघळले असते. पण ते खरं बोलले. माझ्या पोह्यांवर, माझ्या भरवशावर बसून त्यांनी माझ्याकडूनच ठिपका केवढा ते काढून घेतलं होतं. मी म्हटलं, "आणि तो बाप? त्याचा जादूगार केला त्यायनं. ते तरी कसं चाललं तुम्हाले?" मान खाली घालून ते म्हणाले, "तेवढं मलेही नाही आवडलं." तेवढं! मी पत्र त्यांच्या ओसरीवर टाकलं आणि निघून आले.

पुढं काही महिन्यांनी त्यांची बदली बालाघाटकडच्या खाणीवर झाली. जायच्या दिवशी सामानाचा ट्रक शाळेसमोर उभा करून ते फाटकापर्यंत आले. मी खिडकीतून पाहिलं. आत आले नाहीत आणि मीही बाहेर गेले नाही. पोरांनी मात्र ट्रकमागं धाव घेतली, तेव्हा त्यांनी हात केला. नंतर त्यांची आणखी पुस्तकं निघाली असं ऐकलं. मी वहीत त्यानंतर एक ओळ लिहिली नाही. मला ते आवडायचे, फार आवडायचे. म्हणून तर राग अजून जात नाही. परक्या माणसानं फसवलं तर माणूस चार दिवसांत विसरतो.

ऐंशी साल उलटल्यावर शाळेला सरकारी पेटी आली, पुस्तकांची. त्यात ते पुस्तक निघालं. तिसरीचा वर्ग भोवती गोळा झाला. मी ते बाजूला ठेवणार होते, पण पोरं ऐकतात होय? बसले उघडून, आणि अक्षरांवर हात ठेवून माझी गोष्ट सांगायला लागले. मंजुळी, टिकली, मोहाडीचा बाजार. पोरं हसत होती. मी खाली बोट ठेवून म्हटलं, "आणि हा मंजुळीचा बाबा, ड्युटीवर आहे."

इंदू नावाची पोरगी पुढंच बसली होती. बाप खाणीत, रोज खाली उतरणारा. तिनं माझा हात हळूच बाजूला सरकवला, बोटानं ओळ धरली आणि म्हणाली, "नाही बाई, तुम्ही चुकून राहिल्या. पाताळातला बुटका जादूगार आहे हा."

मी म्हटलं, "इंदू, तुझा बाबा कामावर जाताना डोक्यावर काय घालते?"

"टोपी. दिव्याची."

"मंग पाहा बरं. हा कोण?"

तिनं चित्राकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. मग पुन्हा ओळीवर बोट ठेवलं. "जादूगार," ती म्हणाली. "पुस्तकात खोटं कायले लिहितीन बाई?"

मी म्हटलं, "वाच मग पुढं." तिनं खणखणीत आवाजात वाचलं, एकाही अक्षराला न अडखळता. तिला वाचायला मीच शिकवलं होतं.